घरच्या घरी रीफ टँकचा लाईट बनवतोय, २ फुटी टँक, २४ एलईडी, हीटसिंक आणि ड्रायव्हरचं कुणीतरी समजावून सांगा

इंदिरानगर_रीफ

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय. माझा २ बाय दीड बाय दीड फुटाचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, मापाने १२५ लिटर पण रॉक आणि वाळू वजा केली तर पाणी शंभरच्या आसपास असेल. सुरू करून आठ महिने झाले. दोन क्लाउनफिश आहेत आणि कोरल सगळे सॉफ्ट, म्हणजे झोआ, मशरूम आणि एक टोडस्टूल लेदर, मित्राने त्याच्या टँकमधले तुकडे दिले होते. पाणी व्यवस्थित आहे, खारटपणा १.०२५ (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी), नायट्रेट १० च्या आत, दर रविवारी १० टक्के पाणी बदलतो.

अडचण लाईटची आहे. सध्या वर गोड्या पाण्याच्या टँकचा १८ वॅटचा पांढरा लाईट आहे आणि त्याच्याखाली झोआ माना लांब करून उभे आहेत, दांड्या जवळपास दुप्पट झाल्यात आणि मित्राकडे जो रंग हिरवा-केशरी होता तो माझ्याकडे येऊन चहाच्या चोथ्यासारखा झाला. मेलेले नाहीत, पण रोज सकाळी बघितलं की वाईट वाटतं कारण दुसऱ्याने प्रेमाने दिलेली वस्तू आहे.

रेडिमेड रीफ लाईटच्या किमती बघून आलो, ते सध्या जमणार नाही, सात-आठ हजारात काय होईल ते बघायचंय. म्हणून ३ वॅटचे स्टार पीसीबीवाले (चांदणीच्या आकाराच्या छोट्या धातूच्या चकतीवर बसवलेले) एलईडी ऑनलाईन मागवलेत, १२ रॉयल ब्लू आणि १२ कूल व्हाईट. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे. आता विचारायचं असं की घरी २ एमएमची ॲल्युमिनियमची पट्टी पडलीये त्यावर एलईडी लावले तर चालतील का, आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर आहे त्यावरच तीन-तीनची सिरीज करून रेझिस्टर टाकून भागेल का की ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला ठरलेला करंट देणारा ठोकळा, घ्यावाच लागेल? लेन्स लावायच्या का? आणि निळे-पांढरे निम्मे निम्मे बरोबर आहेत का? चूक होण्याआधी विचारलेलं बरं म्हणून टाकतोय.

---

खारंपाणी_पंचवटी

भाऊ, आधी रंगाचं सांगतो कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं पण एलईडी एकदा चिकटवले की बसले.

निम्मे निम्मे नको. निळे १६ आणि पांढरे ८ करा, अजून ४ रॉयल ब्लू मागवा, उरलेले ४ पांढरे स्पेअरला ठेवा. कारण असं की कोरलच्या अंगात जी झूझँथेली नावाची शैवालं राहतात ती खरं स्वयंपाकघर सांभाळतात, प्रकाशावर अन्न बनवतात आणि त्यातलं बरंचसं कोरलला देतात. त्यांच्यातली क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी२ आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्यं निळा प्रकाश जोरात पकडतात, साधारण ४३० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, आणि रॉयल ब्लू एलईडी ४५० च्या आसपास असतो म्हणजे बरोबर त्या पट्ट्यात. समुद्रातही तसंच आहे, पाणी आधी लाल प्रकाश खाऊन टाकतं, खोल गेलं की उरतो तो बहुतेक निळाच. तुमचा १८ वॅटचा पांढरा लाईट डोळ्याला लख्ख वाटतो पण त्यातला बराच भाग हिरवा-पिवळा आहे, आपल्या डोळ्याच्या सोयीचा. झोआची मान लांब झाली ती उजेडाच्या शोधातच, आणि तपकिरी रंग म्हणजे प्रकाश कमी पडतोय म्हणून आतली शैवालं वाढवून घेतलीत, ती मुळात तपकिरीच असतात. रंग गेलेला नाहीये, झाकला गेलाय. परत येतो, मी माझ्या टँकमध्ये बघितलंय, दोन-अडीच महिने लागले.

पांढरे अजिबात नकोत असंही नाही, फक्त निळ्यात टँक बघायला डोळ्यांना त्रास होतो आणि मासे ओळखू येत नाहीत. पण निळ्याची आणि पांढऱ्याची लाईन वेगळी ठेवा म्हणजे पांढरा कमी-जास्त करता येतो.

लेन्स सध्या लावूच नका. लेन्सशिवाय एलईडीचा प्रकाश साधारण १२० अंशात पसरतो, तुमचा टँक दीड फूट उंच आणि कोरल सॉफ्ट, पाण्यापासून ८-९ इंचावर लाईट टांगला तरी भरपूर होईल. मशरूमला ५० पार (झूझँथेलीच्या कामाच्या उजेडाचं माप) म्हणजे खूप झालं, झोआ आणि लेदरला ८० ते १२०. पुढेमागे कडक कोरल करायचे झाले, ॲक्रोपोरा वगैरे, तिथे २०० ते ३५० लागतात, तेव्हा ९० अंशाच्या लेन्सचा विचार करा.

एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो, निळा एलईडी बनवणाऱ्या, जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि आपला झोआ ज्या प्रकारच्या प्रथिनामुळे निळ्या उजेडात हिरवा पेटतो, जेलीफिशमधल्या त्या हिरव्या प्रथिनाच्या कामाला २००८ चं रसायनशास्त्राचं. आपल्या दोन फुटाच्या काचेत या दोन्ही गोष्टी रोज संध्याकाळी समोर दिसतात, मला अजून त्याचं अप्रूप वाटतं.

---

पॅनलवाला_सातपूर

वरच्या दादांनी रंगाचं सांगितलंय ते बरोबर, मी वायरिंगचं बोलतो, माझं रोजचं काम कंट्रोल पॅनलचं आहे.

१२ व्होल्ट आणि रेझिस्टर विसरून जा. तीन एलईडीला जवळपास १० व्होल्ट जातात, उरलेल्या दोन व्होल्टवर तुम्ही करंट सांभाळणार, आणि एलईडी गरम झाला की त्याचा व्होल्टेज खाली येतो, व्होल्टेज खाली आला की करंट वाढतो, करंट वाढला की अजून गरम. सकाळी मीटरवर ७०० मिलिअँप दिसतील आणि दुपारी वेगळंच असेल. याला कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरच लागतो.

तुमचे २४ असे करा, आठ-आठच्या तीन सिरीज, दोन निळ्या आणि एक पांढरी. एका एलईडीला ७०० मिलिअँपवर साधारण ३.३ व्होल्ट, म्हणजे आठचे २६ च्या आसपास. ३६ व्होल्टचा १०० वॅटचा एसएमपीएस (घरच्या विजेतून डीसी देणारा सप्लाय) घ्या आणि प्रत्येक सिरीजला एक मीनवेल एलडीडी-७००एच. छोटा ठोकळा असतो, पीसीबीवर बसतो, इनपुट ९ ते ५६ व्होल्ट चालतो, आउटपुट इनपुटपेक्षा थोडा कमीच पाहिजे एवढं लक्षात ठेवा, तुमच्याकडे १० व्होल्टची मोकळीक आहे म्हणजे काही प्रश्न नाही. तिन्ही मिळून ५५ वॅट, सप्लाय आरामात चालेल.

आता तीन ड्रायव्हर कशाला, एक मोठा घेऊन सगळ्या सिरीज पॅरलल टाकू असं डोक्यात येईल तर ते करू नका. माझा पहिला लाईट मी तसाच केला होता, १४०० मिलिअँपचा एक ड्रायव्हर आणि दोन सिरीज पॅरलल, म्हणजे दोघींना सातशे-सातशे. महिनाभर मस्त चालला. एका संध्याकाळी एका सिरीजमधला सोल्डरचा एक डाग सुटला, म्हणजे ती अख्खी सिरीज विझली आणि चौदाशेच्या चौदाशे मिलिअँप दुसरीत गेले. मी समोर बसलेलो होतो, दुसरी बाजू एकदम पांढरीफटक झाली, मला वाटलं व्होल्टेज वाढला आणि मी उठून बोर्डापर्यंत जाईपर्यंत एकेक करत चार एलईडी काळे पडले, प्लॅस्टिक जळाल्याचा वास सगळ्या घरात. तेव्हापासून एका सिरीजला एक ड्रायव्हर.

२ एमएमची पट्टी नाही चालणार. ५५ वॅटमधला निम्म्याहून जास्त भाग उष्णता म्हणूनच बाहेर पडतो, त्याला फिन्स पाहिजेत. नवीन हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा फिन्सचा ॲल्युमिनियमचा ठोकळा) घेण्यापेक्षा आपल्याकडे एक सोय आहे, सातपूर-अंबडला ड्राइव्ह रिपेअर करणारे आहेत त्यांच्याकडे जळालेल्या व्हीएफडीचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हचे) हीटसिंक पडलेले असतात, फूटभर लांब अर्धा फूट रुंद, किलोवर देतात. घासून घ्या, आटे पाडून एम-३ चे स्क्रू मारा, खाली थर्मल पेस्ट अगदी पातळ, थापायची नाही. स्क्रूखाली फायबरचे वॉशर टाका नाहीतर स्क्रूचं डोकं पॅडला टेकतं.

डाग देण्याबद्दल एक. एलईडी हीटसिंकवर बसवल्यावर सोल्डर धरतच नाही कारण सगळी गरमी हीटसिंक ओढून घेतो, मग माणूस सोल्डरिंग आयर्न धरून ठेवतो आणि एलईडी मरतो. म्हणून टेबलावर असतानाच सगळ्या पॅडला आधी कथील चढवून घ्या, वायरच्या टोकालाही, मग बसवल्यावर नुसतं टेकवलं की धरतं. सगळं झालं की चालू करायच्या आधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक हीटसिंकला आणि दुसरं प्रत्येक पॅडला लावा. कुठेही बीप वाजला तर तिथे बॉडीला टच आहे. चोवीस एलईडीचे अठ्ठेचाळीस पॅड, दहा मिनिटांचं काम आहे पण करा. आणि चालू ड्रायव्हरला एलईडी कधीच जोडायचे नाहीत, आधी सगळं जोडायचं मग सप्लाय.

शेवटचं आणि हे मी आग्रहाने सांगतोय. खारं पाणी आणि २३० व्होल्ट एका जागी आहेत. एसएमपीएस टँकच्या वर ठेवू नका, बाजूच्या भिंतीला उंच लावा, वर फक्त ३६ व्होल्ट जाऊ दे. हीटसिंकच्या बॉडीला अर्थिंग द्या. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी वायरवरून आलं तरी झोळाच्या तळाला थेंब पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की पडणारा स्विच, आहे का ते आजच बघा. एमसीबी वेगळा, तो ओव्हरलोडला आणि शॉर्टला पडतो, माणसाला शॉक बसला तर त्याला कळतही नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये बऱ्याचदा आरसीसीबी नसतोच. नसेल तर लाईटचं सामान नंतर घ्या, आधी तो बसवा.

---

रीफताई_गंगापूररोड

दोघांनी छान सांगितलंय, मी त्याच्या पुढचं सांगते, म्हणजे लाईट तयार झाल्यावर काय करायचं नाही ते.

माझ्या भावाने मला असाच लाईट बनवून दिला होता, ३० एलईडीचा. लावला त्या दिवशी इतका सुंदर दिसला की मी सगळं फुल करून दहा तास चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी लेदरने पॉलिप (कोरलची छोटी तोंडं) आत घेतले, मला वाटलं कात टाकत असेल, ते टाकतात तसे अधूनमधून. पाचव्या दिवशी वरच्या रॉकवरचे झोआ बंद ते बंदच, आणि मशरूमच्या कडा कागदासारख्या फिक्या. मी पाणी तपासत बसले, अल्कलिनिटी, अमोनिया, सगळं ठीक, आणि खरं कारण डोक्यावर लखलखत होतं. कमी उजेडाला सरावलेल्या कोरलवर एकदम जास्त उजेड पडला की ते झूझँथेली बाहेर टाकतात, आणि ती गेली की अन्नही गेलं. त्यात माझे निम्मे झोआ गेले. इंदिरानगरचे दादा, तुमच्या कोरलनी आठ महिने कमी उजेड बघितलाय, त्यांना हा धक्का देऊ नका.

निळा ३० टक्के, पांढरा १० टक्के, सहा तास, इथून सुरुवात करा. दर आठवड्याला पाच टक्के वाढवा, त्यापेक्षा जास्त नाही. तास आधी वाढवा, आठ-नऊ तासांवर थांबा. आणि वाढवल्यावर कुठलाही कोरल दोन दिवस नीट उघडला नाही तर मागच्या आकड्यावर या, कुणी घाई केलेली नाहीये आपल्याला. मशरूम खाली वाळूजवळ सावलीत हलवा.

पार मीटर महाग आहे हे खरं, पण मोबाईलच्या लक्सच्या ॲपवर विश्वास ठेवून उजेड वाढवू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याला काय दिसतं त्याचं माप आहे, हिरव्याला जास्त वजन देतं, निळ्याला अगदी कमी. निळा फुल असला तरी ॲप म्हणेल उजेड कमी आहे. कोरल काय सांगतोय ते बघा, तो खरा मीटर.

आपल्या नाशिकचं अजून एक. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो, टँकचं पाणी २५-२६ ला पाहिजे आणि २९ च्या वर रेंगाळलं की कोरलवर ताण येतो. उन्हाचा कहर आणि जास्त उजेड दोन्ही एकदम नको, उन्हाळ्यात मी पांढरा अर्ध्यावर आणते आणि लाईटची वेळ दुपारऐवजी संध्याकाळी चार ते रात्री बारा ठेवते. पाण्यावर पंखा मारला की दोन-तीन डिग्री उतरतात कारण इथली हवा कोरडी आहे, पण तितकंच पाणी उडतं आणि खारटपणा चढतो, त्यामुळे रोज आरओचं गोडं पाणी वर टाका, मिठाचं नाही. थंडीत उलटं, हीटर लागतोच.

आणि इन्व्हर्टरवर लाईट जोडू नका. वीज गेली तर कोरलला दोन-चार तास अंधार काहीही करत नाही, पाणी हलायचं थांबलं तर मात्र मासे आधी जातात. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा पंप, जोडा.

---

इंदिरानगर_रीफ

एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, तिघांचेही मनापासून आभार. आरसीसीबी खरंच नव्हता. काल इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवला, आणि बसवल्या बसवल्या तो पडला, दोनदा. एकेक प्लग काढून बघितलं तर जुना हीटर काचेतून बारीक तडकलेला, आत पाणी गेलं होतं. मी गेले कित्येक रविवार त्या पाण्यात हात घालतोय. पॅनलवाले दादा, तुमचे हे उपकार मी विसरणार नाही.

हीटसिंक सातपूरला मिळाला, ३०० बाय १५० चा, वर आधीच्या स्क्रूची भोकं आहेत पण चालतंय. टांगायला स्लाइडिंगच्या खिडक्या बनवणाऱ्याकडून उरलेला ॲल्युमिनियमचा सेक्शन आणलाय, लोखंडाचा अँगल गंजेल म्हणून नको म्हटलं.

आता एक प्रश्न. डिमिंग अर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) करायचा विचार आहे, सूर्योदयासारखा हळूहळू चढेल असा. ते एलडीडीला थेट जोडता येतं का?

---

पॅनलवाला_सातपूर

अहो उपकार कसले, तुम्ही बसवलात हेच मोठं. हीटर फेकून द्या, टेप लावून वापरू नका.

अर्डुइनो थेट चालतो. एलडीडीला १०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारा सिग्नल) लागतो आणि अर्डुइनो उनोचा पीडब्ल्यूएम ४९० किंवा ९८० चा असतो, दोन्ही त्यात बसतात. अर्डुइनोचा ग्राउंड आणि ३६ व्होल्टचा मायनस एकत्र करा नाहीतर काहीच होणार नाही. पण एक नीट ऐका, एलडीडीची डिमची पिन मोकळी राहिली तर तो बंद होत नाही, फुल चालू होतो. म्हणजे अर्डुइनो बिघडला किंवा वायर निसटली तर तुमचे कोरल थेट १०० टक्क्यांखाली, ताईंनी सांगितलं तसं. म्हणून ३६ व्होल्टच्या सप्लायला वेगळा साधा टायमर लावा, म्हणजे काहीही झालं तरी रात्री बंद होईल. आणि सुरुवातीचे दोन महिने पॉट (फिरवायचं बटण) असलेल्या छोट्या पीडब्ल्यूएम मॉड्यूलने डिम केलंत तरी काही बिघडत नाही, नुसता पॉट एलडीडीला चालत नाही, सूर्योदय नंतर करा.

हीटसिंकवर १२ व्होल्टचा पंखा, आणि ६० डिग्रीला तोडणारा छोटा थर्मल स्विच ३६ व्होल्टच्या लाईनमध्ये, पंखा बंद पडला तर लाईट आपोआप जाईल. एलईडीच्या खाली ३ एमएमचं ॲक्रिलिक लावा, दर आठवड्याला आरओच्या पाण्याने पुसा, मिठाचे थर बसून उजेड कमी होतो. आणि पहिल्यांदा चालू कराल तेव्हा रॉयल ब्लूकडे सरळ बघू नका, तो दिसतो त्यापेक्षा तीव्र असतो, हीटसिंक पालथा टेबलावर ठेवून चालू करा.

---

मालवणचा_नाशकात

मध्येच बोलतो, विषय लाईटचा आहे पण नवीन लाईट आला की पुढची पायरी कोरल आणायची असते म्हणून. आमच्या मालवण बाजूला फिरायला गेलात आणि कुणी कोरलचा तुकडा किंवा रॉक देऊ केला तर घेऊ नका, किनाऱ्यावर पडलेला मेलेला असला तरी उचलू नका. रीफ बांधणारे कडक कोरल, काळे कोरल आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून, वाघाला जे संरक्षण आहे त्याच पहिल्या अनुसूचीत. कायदा सोडा, मी लहानपणी जिथे डुबकी मारली की रंग दिसायचे तिथे आता मोठे पट्टे पांढरे दिसतात, तिथून काढलेला एकेक तुकडा जाणवतो. झोआ, मशरूम, लेदर एकमेकांच्या टँकमधून वाढवून वाटून घ्या, तुम्ही आत्ता करताय तेच सगळ्यात चांगलं आहे.

---

इंदिरानगर_रीफ

तीन आठवडे झाले म्हणून कळवतोय. लाईट लागलाय. कंटिन्युइटी बघताना दोन ठिकाणी बीप वाजला, एकीकडे वॉशर सरकला होता आणि एकीकडे वायरचा एक केस हीटसिंकला टेकत होता, दोन्ही चालू करायच्या आधी सापडले. निळा ३० वरून ४० वर आलोय, पांढरा १० वरच, सात तास. पंखा चालू असताना हीटसिंकवर हात ठेवता येतो, कोमट लागतो. अर्डुइनो अजून जोडला नाही, पॉटवर आहे.

पहिले चार दिवस काहीच फरक नव्हता आणि मला रोज वाटायचं की थोडा वाढवावा, ताईंचं आठवून हात मागे घेतला. परवा लेदरने पातळ पापुद्रा टाकला आणि काल सगळे पॉलिप बाहेर, इतके लांब मी आधी बघितले नव्हते. झोआच्या दांड्या लांबच आहेत अजून, पण खालच्या बाजूने नवीन दोन तोंडं फुटलीत आणि ती आखूड आहेत, रॉकला चिकटून. मधोमध हिरवा ठिपका दिसतोय, तपकिरीत बुडालेला पण दिसतोय. मशरूम ताईंनी सांगितल्याप्रमाणे खाली आहेत. मोबाईलने फोटो काढला तर सगळं निळंजांभळं येतंय म्हणून इथे टाकला नाही.

---

रीफताई_गंगापूररोड

नवीन तोंडं आखूड येतायत म्हणजे उजेड पुरतोय, तेच बघायचं असतं. आता दोन आठवडे ४० वरच राहू द्या, नवीन तोंडं नीट उघडली की मग पुढचे पाच. फोटोसाठी कॅमेऱ्यासमोर केशरी जिलेटिन पेपर धरा, सजावटीच्या सामानात मिळतो, तो हिरवा ठिपका बरोबर पकडला जाईल. आणि तुमच्या मित्रालाही दाखवा, ज्यांनी तुकडे दिले त्यांना.

---

खारंपाणी_पंचवटी

माझ्या ओळखीत एकाकडे पार मीटर आहे, पुढच्या रविवारी माझ्याकडे येणार आहे. तुमचं पाणी बदलायचं आटोपलं की फोन करा, इंदिरानगरला घेऊन येतो, रॉकच्या वर, मध्ये आणि वाळूवर तिन्हीकडे मोजू आणि आकडे इथेच टाकू, या मापाचा टँक असलेले अजून बरेच जण आहेत.